पेटीत कार्बनचे तुकडे : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी

पहिला दिवस : बेळगाव, उद्यमबाग

सामान एका जीपच्या मागच्या सीटवर मावेल एवढेच. कणांच्या खुणा धरणाऱ्या, १ मिमी जाडीच्या सीआर-३९ प्लॅस्टिकच्या २ सेमी चौरस पट्ट्या, कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स, थर्मोस्टॅटचा वॉटर बाथ, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, सूक्ष्मदर्शक आणि शेवटच्या दिवसासाठी प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या, दोन कांबी. चार गावांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना कॅन्सरवरच्या कार्बन किरणांचे तुकडे कसे मोजतात ते हाताने करून दाखवायचे, हा बेत. जुलै महिना निवडला ही चूक होती, पण ती दुसऱ्या दिवशी कळली.

आधी तुकडे म्हणजे काय ते. कार्बनचे केंद्रक शरीरात शिरते, वेग कमी होत जातो आणि थांबण्याआधी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये ते सर्वांत जास्त ऊर्जा सोडते. हेच ब्रॅग शिखर, आणि ते गाठीवर बसवायचे असते. पण वाटेत काही कार्बन दुसऱ्या केंद्रकावर आपटून फुटतात. दर न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा असेल तर शिखरापर्यंत पोचेतो साधारण ३० टक्के कार्बन फुटलेले असतात. ४०० एमईव्हीला हाच आकडा ७० टक्क्यांच्या घरात जातो. फुटून निघालेले बोरॉन, बेरिलियम, लिथियम, हीलियम आणि हायड्रोजन जवळजवळ मूळ वेगानेच पुढे धावतात. सारख्या वेगाला पल्ला ठरतो तो वस्तुमान भागिले भाराचा वर्ग या हिशोबाने. २०० एमईव्हीचा कार्बन-१२ पाण्यात ८.६ सेमी जातो. तोंडाशीच फुटलेला बोरॉन-११ त्याच हिशोबाने ११.३ सेमी जाईल, बेरिलियम-९ १४.५, लिथियम-७ २० आणि हीलियम-४ व प्रोटॉन दोघेही २५.८ सेमी. गाठीच्या मागे जी निरोगी जागा वाचवायची असते, तिथे हे सगळे पोचतात. उपचाराच्या आराखड्यात ही शेपूट बरोबर धरायची तर कुठल्या खोलीवर कुठला तुकडा किती, हे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

कार्बनचे उपचार जपानमध्ये चिबाच्या हिमॅकवर १९९४ पासून, जर्मनीत डार्मश्टाटला १९९७ पासून झाले; पुढे हायडेलबर्ग, इटलीत पाविया, ऑस्ट्रियात वीनर नॉयश्टाट. आपल्याकडे चेन्नई आणि खारघरला आहेत ती प्रोटॉनची यंत्रे. त्यामुळे आमच्या पेटीतल्या पट्ट्या परदेशातून कार्बन खाऊन आलेल्या. इथे किरण नाहीत, मोजणी आहे.

उद्यमबागेत थांबण्याचे कारण लक्ष्य, म्हणजे ज्यावर कार्बन आदळवायचा तो ठोकळा. फाउंड्री आणि लेथचे गाव असल्यामुळे ग्रॅफाइट इथे कुणाला नवे नाही. तरीही कास्टिंगच्या कामाचा ग्रॅफाइट आणि मोजणीचा ग्रॅफाइट यांत फरक आहे. आपल्याला बारीक दाण्याचा, सगळ्या दिशांना सारखा ठोकळा लागतो. शुद्ध ग्रॅफाइटची घनता पुस्तकात २.२६ लिहिलेली असते. बाजारातला ठोकळा सच्छिद्र असतो आणि १.७ ते १.८५ भरतो. पुस्तकातला आकडा धरला तर वीस-पंचवीस टक्क्यांची चूक पहिल्याच ओळीत. म्हणून ठोकळा शंभर अंशांच्या थोडा वर भाजून ओल काढायची, गार झाल्याबरोबर वजन करायचे, मायक्रोमीटरने नऊ ठिकाणी जाडी घ्यायची आणि लक्ष्य नेहमी ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहायचे. ५ मिमीचा, १.८ घनतेचा ठोकळा म्हणजे ०.९. त्यात दर चौरस सेंटिमीटरला कार्बनची ४.५ गुणिले १० चा २२ वा घात एवढी केंद्रके. काटछेद, म्हणजे आपटण्याची शक्यता सांगणारे केंद्रकाचे क्षेत्रफळ, पाऊण बार्न (एक बार्न म्हणजे १० चा उणे २४ वा घात चौरस सेमी) धरला तर शंभरातले तीन-साडेतीन कार्बन फुटतील. असे असले की ठीक. लक्ष्य याहून फार जाड घेतले तर तुकड्यांचेही तुकडे होतात आणि कोण कुठून आला ते सांगता येत नाही.

दुसरे लक्ष्य पॉलिथिनचे. शरीरात हायड्रोजन भरपूर. पण हायड्रोजनचा ठोकळा कुठून आणणार? म्हणून पॉलिथिनचा (दोन कार्बन, चार हायड्रोजन) काटछेद मोजायचा, त्यातून दोन कार्बनचा वजा करायचा आणि उरलेल्याला चाराने भागायचे. दिसायला सोपे, पण वजाबाकी महाग पडते. समजा कार्बनचा काटछेद ०.७५ बार्न, हायड्रोजनचा ०.२३, मग पॉलिथिनचा २.४२. दोन्ही मोजण्या २ टक्क्यांनी केल्या तरी हायड्रोजनच्या आकड्यात ६ टक्क्यांहून जास्त चूक उरते. ठोकळ्याच्या वजनाबाबत एवढी कटकट करायची ती याचसाठी.

वर्कशॉपमध्ये, शरीराच्या जागी पट्ट्यांच्या मध्ये घालतात तशा ॲक्रिलिकच्या चकत्याही कापून घेतल्या. कटर जोरात फिरवला की ॲक्रिलिक वितळून कडेला चिकटते आणि चकत्या एकमेकींवर सपाट बसत नाहीत. धारदार कटर, कमी फेरे, साबणाचे पाणी. पुसायला स्पिरिट अजिबात नको. ताण असलेल्या ॲक्रिलिकवर स्पिरिट लागले की केसासारख्या भेगा उमटतात. लेथवरच्या मिस्त्रींना हे आधीच ठाऊक होते. "पाण्यानंच पुसतो की, डाग राहू दे," एवढेच त्यांनी म्हटले.

दुसरा दिवस : खानापूर

बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. मलप्रभा भरून वाहत होती, हवेत एवढी ओल की कागद मऊ पडलेला. आजचे काम एचिंगचे, म्हणजे कणांच्या वाटा दिसाव्यात म्हणून पट्ट्या कॉस्टिकमध्ये झिजवण्याचे, आणि या सगळ्या प्रकरणात गडबड होते ती नेमकी इथेच.

द्रावण ६.२५ नॉर्मल, म्हणजे दर लिटरला २५० ग्रॅम कॉस्टिक. पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे घालायचे. कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, उकळून अंगावर उडते. गॉगल आणि हातमोजे. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे. घरातले ॲल्युमिनियमचे पातेले चालेल का, असे कुणीतरी हमखास विचारते. बेळगावकरांना उत्तर लवकर पटते: तिथल्या ॲल्युमिनाच्या कारखान्यात बॉक्साइट विरघळवतात ते कॉस्टिकनेच, आणि ॲल्युमिनियम धातूला तर कॉस्टिक हायड्रोजन सोडत खाऊन टाकते.

फ्लेक्स पावसात उघडे ठेवले तर मिनिटाभरात ओलावतात. तराजूवर २५० ग्रॅम दिसतात, त्यात पाणी किती ते तराजू सांगत नाही. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून थोडे कॉस्टिक सोडियम कार्बोनेट होऊन बसते. म्हणून वजनावर न थांबता, १० मिली द्रावण काढून पातळ करून, माहीत असलेल्या तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने फिनॉल्फ्थॅलीन घालून टायट्रेशन केले. पहिली बरणी कमी भरली. कॉस्टिक वाढवून पुन्हा मोजली.

तापमान ७० अंश. या द्रावणात सीआर-३९ चा पृष्ठभाग तासाला साधारण १.३ मायक्रॉन झिजतो. दर अंशाला हा वेग सात-आठ टक्क्यांनी बदलतो, दहा अंशांना दुपटीहून थोडा जास्त. थर्मामीटर बाथच्या पाण्यात लटकवून समाधान मानायचे नाही, तो कॉस्टिकच्या भांड्यात पट्टीच्या उंचीवर हवा. बाथ ७० दाखवतो तेव्हा झाकण उघडे असलेल्या भांड्यात ६७ असू शकते. झाकण हवेच, कारण पाणी उडून गेले तर तीव्रता वाढते. पट्ट्या तळाशी एकीवर एक पडू द्यायच्या नाहीत, स्टीलच्या तारेच्या चौकटीत उभ्या लटकवायच्या आणि द्रावण हळू ढवळत ठेवायचे. ढवळले नाही तर झिजून निघालेला मळ पट्टीलगत साचतो आणि एका बाजूचे खळगे लहान राहतात.

हे खळगे होतात कसे, तेही इथेच सांगतो. सीआर-३९ म्हणजे चष्म्याच्या भिंगांचे प्लॅस्टिक. भारित कण जाताना वाटेतल्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, म्हणून त्या वाटेने कॉस्टिक बाकीच्या पृष्ठभागापेक्षा लवकर आत शिरते. दोन वेगांचे गुणोत्तर किती, यावर खळग्याचे तोंड ठरते. सरळ आत शिरलेल्या कणासाठी सूत्र असे: गुणोत्तरातून एक वजा करा, त्याला गुणोत्तर अधिक एकने भागा, वर्गमूळ काढा आणि झिजलेल्या जाडीच्या दुपटीने गुणा. १० मायक्रॉन झिजले असतील तर गुणोत्तर १.१ ला व्यास ४.४ मायक्रॉन, १.५ ला ८.९, ३ ला १४.१. सुरुवातीला व्यास झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते. फार तिरका आलेला कण खळगा पाडतच नाही, कारण पृष्ठभाग त्याच्या वाटेपेक्षा आधी झिजून जातो.

दुपारी तीनच्या सुमाराला वीज गेली. चौथा तास चालू होता. बाथ ७० वरून ४० मिनिटांत ५८ वर आला. इथे घड्याळाने भरपाई करण्याचा मोह होतो: ४० मिनिटे गेली, ४० मिनिटे वाढवू. ते चूक. ५८ अंशांनाही एचिंग थांबलेले नसते, ७० च्या वेगाच्या एक तृतीयांशाहून थोड्या जास्त वेगाने चालूच असते. उतरत्या तापमानाचा हिशोब केला तर तोटा पंधरा मिनिटांच्या आतबाहेरच भरतो. ४० मिनिटे वाढवली असती तर पट्ट्या जास्त झिजल्या असत्या आणि बोरॉनचे खळगे कार्बनएवढे दिसले असते.

यावर उपाय साक्षीदार पट्टी. किरण न लागलेली, त्याच लॉटमधली एक कोरी पट्टी प्रत्येक भांड्यात सोबत घालायची. आधी आणि नंतर तिचे वजन करायचे. २ सेमी चौरस पट्टीचे दोन्ही पृष्ठभाग ७.८ मायक्रॉननी झिजले, म्हणजे ७० अंशांचे बरोबर सहा तास झाले, तर घनता १.३१ धरून ८.२ मिलिग्रॅम कमी व्हायला हवेत. पूर्ण पट्टी अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त, त्यातले ८ मिलिग्रॅम शोधायचे. खानापुरात त्याची दमछाक झाली, कारण सीआर-३९ पाणी पिते. धुतल्यावर लगेच वजन केले तर घट कमी दिसते, अर्ध्या तासाने वेगळीच. शेवटी सगळ्या पट्ट्या आधी आणि नंतरही सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवून, बाहेर काढल्यापासून ठरलेल्या एका मिनिटात वजन, असा नियम केला. सिलिका जेल निळी असेल तरच. गुलाबी झालेली जेल म्हणजे नुसती शोभा.

वीज पुन्हा गेली तर म्हणून कॉलेजच्या शिपायांनी भाताचे तूस भरलेला खोका आणून दिला. बाथ त्यात बसवला. दुसऱ्या वेळी अर्ध्या तासात फक्त चार अंश उतरले. भाताच्या तालुक्यात थर्मोकोल शोधत बसलो होतो आम्ही.

तिसरा दिवस : निपाणी

महामार्गाने संकेश्वरवरून वर. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी शेतांत शिरले होते, पण रस्ता चालू होता.

निपाणीत कार्बनचा काय संबंध, असे वाटेल. संबंध तंबाखूचा. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० असते, त्यातून ५.३ एमईव्हीचे अल्फा कण, म्हणजे हीलियमची केंद्रके निघतात. हवेतल्या रेडॉनपासून बनलेले शिसे-२१० पानावरच्या चिकट केसांना धरते, थोडे फॉस्फेट खतातून मुळांवाटे येते आणि त्याचे पुढे पोलोनियम होते. पोलोनियमचे अर्धायुष्य १३८ दिवस, पण शिशाचे २२ वर्षे. त्यामुळे वखारीत जुना झालेला मालही कोरा होत नाही. आपल्याला याचा फायदा असा की ओळखीच्या कणाने पट्टी खरोखर नीट एचिंग झाली का ते तपासता येते, आणि त्यासाठी परवान्याचा किरणोत्सारी स्रोत सोबत बाळगावा लागत नाही.

महिन्यापूर्वीच एका वखारीत पानांवर पट्ट्या चिकटवून ठेवायला सांगितले होते. महिना का, तर कण फार थोडे. तंबाखूत दर ग्रॅमला दहा-वीस मिलिबेकरेल धरा, म्हणजे एका ग्रॅममध्ये मिनिटाभरात एखादे विघटन. वाळलेले पान दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास. महिन्याभरात त्या एका चौरस सेंटिमीटरमधून १५ मिलिबेकरेलच्या हिशोबाने दोनशेच्या आत अल्फा निघतात. अर्धे उलट्या बाजूला जातात, उरलेल्यांतले बरेच तिरके येतात किंवा पानातच अडकतात. पट्टीवर खळगे उमटणार पन्नासेक. कोऱ्या पट्टीलाही जन्मापासूनचे काही डझन खळगे असू शकतात, कारण खोलीतल्या रेडॉनने ती आधीच थोडी टोचलेली असते. म्हणून तसेच पाकीट, तशीच महिनाभर वखार, पण आत तंबाखूऐवजी साधा कागद अशी दुसरी पट्टी ठेवल्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

दोन पट्ट्यांवर संरक्षक फिल्म सोललीच नव्हती. चिकटवणाऱ्याने फिल्मसकट पानावर ठेवल्या. फिल्म काही दहा मायक्रॉनची, आणि ५.३ एमईव्हीचा अल्फा प्लॅस्टिकमध्ये तीसेक मायक्रॉनच जातो. आत पोचण्याआधीच बहुतेकांचा खेळ संपलेला. सूचनेच्या कागदावर "वरचा पारदर्शक पापुद्रा सोला" हे वाक्य नव्हते. आता ते ठळक अक्षरात आहे.

वखारमालकांचा प्रश्न सरळ होता, "आमच्या मालात विष हाय म्हंतासा काय?" तंबाखूतले पोलोनियम निपाणीचे नाही, जगभरातल्या तंबाखूत आहे, हे सांगितले. बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात तेच जाते, हेही सांगितले. ते हसले नाहीत. पट्ट्या मात्र पुढच्या महिन्यासाठी पुन्हा ठेवून घेतल्या, या वेळी पापुद्रा सोलून.

चौथा दिवस : चिकोडी

निपाणीहून पंचवीसेक किलोमीटर, उसाच्या शेतांमधून. दिवसभर सूक्ष्मदर्शक.

पहिली चूक भिंगाची. सवयीने सगळे चाळीसचे भिंग लावतात. त्यात एका वेळी दिसणारे वर्तुळ ०.४५ मिमी व्यासाचे. शंभर जागा मोजल्या तरी क्षेत्र होते ०.१६ चौरस सेमी. तंबाखूच्या पट्टीवर पन्नासाच्या दराने तिथे आठ खळगे सापडणार, त्यातून काय सिद्ध होणार? दहाचे भिंग लावले की वर्तुळ १.८ मिमीचे, शंभर जागांत २.५ चौरस सेमी, सव्वाशे खळगे, आणि चूक अकरा-बारा. कार्बनच्या पट्टीवर उलटे: तिथे गर्दी आहे, व्यास महत्त्वाचा आहे, तिथे चाळीसचेच भिंग. नेत्रिकेतली मोजपट्टी प्रत्येक भिंगाला स्टेज मायक्रोमीटरने वेगळी पारखून घ्यायची. दुसऱ्याच्या सूक्ष्मदर्शकावरचा जुना आकडा उचलायचा नाही.

गर्दीचेही गणित आहे. उपचाराच्या वेळी किरणात सेकंदाला कोट्यवधी कार्बन असतात. पट्टीला ते सोसत नाही. १० मायक्रॉनच्या खळग्यांना दर चौरस सेमीला दहा हजार कण असतील तर तीन टक्के खळगे दुसऱ्यात मिसळतात, एक लाखाला पाव भागाहून जास्त. दोन लहान मिसळले की एक मोठा वाटतो, आणि मोठा म्हणजे जड भार. किरण चालवणाऱ्यांना दहा हजाराच्या आत ठेवा म्हणून आधीच लिहून कळवावे लागते.

परदेशात किरण लागले तेव्हा चकत्या आणि पट्ट्यांची आमची थप्पी अशी होती: ॲक्रिलिकच्या तोंडाशी एक पट्टी, ३ सेमीवर दुसरी, ६.८ वर तिसरी, ९ सेमीच्या मागे चौथी. प्रत्येक जागी शेजारी जोडीदार पट्टी, म्हणजे एक प्रयोगशाळेत झिजवलेली आणि एक खानापुरात. ६.८ हा विचित्र आकडा का, तर पट्टीची स्वतःची जाडी. २०० एमईव्हीचा कार्बन ॲक्रिलिकमध्ये ७.४ सेमी जातो, म्हणून तिसरी पट्टी ७ वर ठेवायचे आधी ठरले होते. पण १ मिमी सीआर-३९ पाण्याच्या सव्वा मिमीएवढे अडवते. आधीच्या दोन पट्ट्या धरल्या की ७ चे ७.२ होतात आणि उरते जेमतेम २ मिमी ॲक्रिलिक. तिथे चकतीच्या जाडीतली लहानशी चूकही कार्बनला पट्टीच्या आधीच थांबवू शकते.

सूक्ष्मदर्शकाखाली सरळ आलेल्या कार्बनचा खळगा काळ्या कडेचा, मध्ये उजेडाचा ठिपका असलेला, गोल. कड जितकी रुंद, तितका खळगा खोल. ओरखडे लांबट असतात आणि फोकस खालीवर केला की तळ दिसत नाही. धूळ फोकसबरोबर वर येते. अर्ध्या तासात डोळा बसतो. विद्यार्थ्यांतल्या एका मुलीने प्रत्येक खळगा आधी "हो" किंवा "नाही" असे मोठ्याने म्हणून मगच व्यास मोजायला सुरुवात केली. त्याने संशयी खळगे आपोआप वेगळ्या रकान्यात गेले. पद्धत चांगली, आम्ही उचलली.

तोंडाशी कार्बन पाण्याच्या हिशोबाने दर मायक्रॉनला १६ केईव्ही (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) सोडतो, तिसऱ्या पट्टीवर वेग उतरल्यामुळे पन्नासाच्या वर. म्हणून तोच कार्बन तिथे मोठा खळगा पाडतो. दोन पट्ट्यांवरचे व्यास एकाच तक्त्यात घालून भार ओळखायला गेलात की फसलात. प्रत्येक खोलीला वेगळा तक्ता लागतो.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप ती गोष्ट. सारख्या वेगाला ऊर्जा भाराच्या वर्गाने सुटते. २०० एमईव्हीला कार्बन १६, बोरॉन ११, बेरिलियम ७, लिथियम ४, हीलियम १.८, प्रोटॉन ०.४५. सीआर-३९ ला साधारण ५ च्या खालचे दिसत नाही. म्हणजे कार्बन, बोरॉन, बेरिलियम दिसतात, लिथियम उंबरठ्यावर, आणि सर्वांत लांब जाणारे हीलियम व हायड्रोजन खळगा न पाडता निघून जातात. थांबता थांबता मंद झालेला हीलियम दिसतो, निपाणीचा अल्फा दिसतो तसा. वेगात असलेला नाही. चौथ्या पट्टीवर, शिखराच्या मागे, खळगे विरळ. अनेकांनी वहीत लिहिले, "९ सेमीच्या मागे किरण जवळजवळ संपले." संपलेले नाहीत. पट्टी आंधळी आहे. विरळ खळग्यांचा आकडा तसाच उपचाराच्या आराखड्यात गेला तर शेपटीचा डोस कमी धरला जाईल. आम्ही ते वाक्य कुणाच्याच वहीत खोडले नाही, फक्त शेजारी सहा मूलद्रव्यांचे सहा आकडे लिहायला लावले.

पाचवा दिवस : पुन्हा बेळगाव, टिळकवाडी

आंधळ्या पट्टीला जे दिसत नाही ते सिंटिलेटरला दिसते. ४० सेमी लांब, २ सेमी रुंद, ३ मिमी जाड अशा प्लॅस्टिकच्या दोन कांबी, दोन्ही टोकांना फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अंधुक चमकेचा विजेचा संकेत करणारी नळी. कण गेला की प्लॅस्टिक चमकते. चमक किती यावरून भार, दोन कांबींमधल्या वेळेवरून वेग. २०० एमईव्हीचा कण २ मीटर अंतर पावणेबारा नॅनोसेकंदांत काटतो.

इथे कार्बन नाही, तेव्हा आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण वापरले. ते आडव्या कांबीवर दर चौरस सेमीला मिनिटाला एक या बेताने पडतात. ३ मिमीत म्युऑन ०.६ एमईव्ही सोडतो, कार्बन ४८ आणि तोच वेग असलेला प्रोटॉन १.३५. मोजणीतली खरी अडचण इथे दिसते: कार्बनचा संकेत मापात बसावा म्हणून व्होल्टेज उतरवले की प्रोटॉन थ्रेशोल्डखाली (मोजणीच्या खालच्या मर्यादेखाली) बुडतो, प्रोटॉनसाठी वाढवले की कार्बन छताला टेकतो. त्यात जड कणांची चमक ऊर्जेच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी दबते. म्हणून प्रोटॉनवरून कार्बनचा आकडा गुणून काढू नये. प्रत्येक भारासाठी पारख वेगळी.

सकाळचा वेळ उजेड शोधण्यात गेला. काळ्या टेपच्या एका घडीतून ट्यूबलाइट आत जात होती. मोजणीचा दर दिवा लावला की दसपट. खोलीत अंधार करून, टॉर्च टेपवरून इंचाइंचाने फिरवली तेव्हा जागा सापडली. हे हाय व्होल्टेज कमी ठेवूनच करायचे, चालू फोटोमल्टिप्लायरवर थेट उजेड पडला तर तो कायमचा बिघडू शकतो. दुसरा त्रास ओलीचा: कनेक्टरमध्ये बारीक ठिणग्या, त्या मोजणीत खऱ्या कणांसारख्या दिसतात. कनेक्टर स्पिरिटने पुसून, गरम हवेने वाळवले की थांबतात. कांबीला मात्र तेच स्पिरिट लागू न देणे बरे; बारीक भेगा पडल्या तर प्रकाश टोकापर्यंत पोचत नाही. केबलींची लांबी सारखी हवी, एका मीटरला ५ नॅनोसेकंद. एक केबल अर्ध्या मीटरने लांब निघाली आणि सगळे म्युऑन प्रकाशाहून वेगवान ठरले. विद्यार्थी खूश झाले. आम्ही टेप काढून केबली मोजल्या.

दुपारनंतर फळ्यावर लिथियम. कार्बन फुटला की बरेचदा बेरिलियम-८ निघते, आणि ते क्षणाचाही विलंब न लावता दोन हीलियममध्ये मोडते. दोघे जवळजवळ एकाच दिशेने जातात. २०० एमईव्हीला २ मीटरवर त्यांच्यातले अंतर जास्तीत जास्त ३ सेमीच्या आसपास, बरेचदा कमी. कांब २ सेमी रुंद, म्हणजे दोघे एकाच कांबीत शिरू शकतात. एका हीलियमची चमक ४, दोघांची मिळून ८, लिथियमची ९. चमक थोडी दबलेली, मोजमाप थोडे पसरलेले. दोन हीलियम लिथियमच्या रकान्यात जाऊन बसतात. कांबी एकाच थरात ठेवल्या तर यातून सुटका नाही. इटलीच्या पुढाकाराने चाललेल्या फूट या प्रयोगात अशा २० कांबींचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे ठेवतात, ते भारासोबत जागाही कळावी म्हणून: एका थरात दोघे एकाच कांबीत आले तरी दुसऱ्यात बहुधा शेजारच्या दोन कांबी चमकतात. दोन्ही थरांत एकच कांब चमकली तर मात्र थोडा संशय उरतोच. त्यासाठी पुढे सिलिकॉनच्या पट्ट्यांनी वाटा वेगळ्या काढाव्या लागतात.

आमच्याकडे कांबी दोनच. त्या एकमेकींवर काटकोनात ठेवून, म्युऑनांच्या मोजणीतून दोन थर एकमेकांशी किती जुळतात तेवढे तपासता आले. रजिस्टरमध्ये बोरॉन आणि बेरिलियमचे रकाने चिकोडीच्या पट्ट्यांवरून भरले. लिथियमचा रकाना रिकामा ठेवला, पेन्सिलीने "दोन अल्फा?" एवढे लिहून.